हळदीकुंकू, समोरचा फ्लॅट आणि माझं 8 मार्चचं भाषण

चौथा_मजला

इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण घरात कोणाशी बोलता येत नाहीये. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मागच्या शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. सिंहगड रोडची साधी सोसायटी, मजल्यावर चार फ्लॅट. सासूबाई दरवर्षी हौसेने करतात, यावेळी वाण म्हणून तुळशीबागेतून स्टीलचे छोटे डबे आणले होते. बोलवायचं काम माझ्याकडे. समोरच्या फ्लॅटमध्ये माझ्याच वयाची एकजण राहते, दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, हार्ट अटॅक, वय 41, मुलगी तिसरीत. सोसायटीच्या बायकांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, एक मेसेज टाकला की काम झालं असतं, पण त्या ग्रुपवर ती आहे. म्हणून मी ग्रुपवर टाकलाच नाही. चाळीसेक जणींना वेगवेगळे मेसेज केले, नाव घालून, ताई-काकू-वहिनी बघून. म्हणजे 'गडबडीत राहून गेलं गं' म्हणायचीही सोय मी ठेवली नाही, तासभर सोफ्यावर बसून मी एका बाईला वगळलंय.

सासूबाई काही बोलल्या नव्हत्या हो. त्या बोलल्या असत्या तर मी भांडले असते आणि वर भांडल्याचं समाधानही मिळालं असतं. मी आपलं आपणच ठरवलं की उगीच कोणाला अवघडायला नको.

आता खरी गोष्ट. त्या संध्याकाळी माझा मुलगा तिच्याकडे होता. घरात गर्दी, तो मधेमधे करणार, म्हणून सकाळी मीच तिला विचारलं की पाच ते आठ ठेवशील का, ती म्हणाली ठेव की. माझ्या दारात रांगोळी, चपलांचा ढीग, बायका येतायत जातायत, आणि चार पावलांवर बंद दाराआड ती माझ्या मुलाचे पाढे घेतेय. साडेआठला तो आला तर हातात तिळाच्या वड्यांचा डबा. "काकूने सगळ्यांना दिल्यात."

आणि त्या तीन तासांत माझ्या हॉलमध्ये विषय कोणाचा होता? तिचाच. नवीन स्कूटर घेतली म्हणे, लिपस्टिक लावते म्हणे, रात्री एकदा कोणीतरी गाडीतून सोडायला आलं होतं म्हणे. एक काकू म्हणाल्या "दोन वर्षंसुद्धा नाही झाली" आणि दुसरीने भुवया उडवल्या आणि मी, हो मीच, हसले. सोडायला कोण आलं होतं ते मला माहीत नाही आणि ते माहीत असायचं मला काही कारणही नाही.

गंमत म्हणजे गेल्या 8 मार्चला, महिला दिनाला, ऑफिसात मी हेरवाड गावच्या विधवा प्रथा बंदीच्या ठरावावर दहा मिनिटं बोलले होते. स्लाइड्स वगैरे करून. टाळ्या पडल्या, एक मग मिळाला. तोच मग घेऊन आत्ता हे टाइप करतेय.

आता काय करू? सॉरी म्हणू तर तिला आधी सांगावं लागेल की मी काय केलं. तिला ते माहीतच असणार, कारण तिच्या दाराला पीपहोल आहे.

खारीबिस्कीट

बाप रे. मुलगा तिच्याकडे ठेवला तिथे गिळेनासं झालं. वाचतेय.

अर्धा_पुणेरी

धागालेखिकेच्या प्रामाणिकपणाचं कौतुक, पण प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायची गरज आहे का? हळदीकुंकू हा सवाष्णींचा कार्यक्रम, जसा मुंजीत बटू लागतो तशी इथे सवाष्ण लागते. माझी स्वतःची आई बाबा गेल्यापासून जात नाही, तिला कोणी अडवलेलं नाही, ती आपणहून जात नाही. उगीच बोलावून ओशाळं करण्यापेक्षा न बोलावणं हे जास्त संवेदनशील नाही का? आणि कुजबुज तर चार बायका जमल्या की होणारच.

खारीबिस्कीट

@अर्धा_पुणेरी, आईला कधी विचारलंत का की का जात नाहीस? नाही, खरंच विचारतेय. माझी आजी पण "मला नाही आवडत ते" म्हणायची. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तीन हिरव्या बांगड्या रुमालात गुंडाळलेल्या मिळाल्या.

पंचगंगेकाठचा

हेरवाडचा विषय निघालाय तर आमच्याकडचं सांगतो, माझं गाव तिथनं काही फार लांब नाही. हेरवाड म्हणजे शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर. 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव झाला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. साल मुद्दाम बघा, 6 मे 2022 ला राजर्षी शाहू महाराजांना जाऊन 100 वर्षं होत होती. मूळ कल्पना करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंची, त्यांनी आधी स्वतःचंच प्रतिज्ञापत्र केलं होतं की मी मेल्यावर माझ्या बायकोला हे असलं काही करायला लावू नका. मला ते आवडलं कारण आधी आपल्या घराची काच फोडली, मग गावाला सांगितलं. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण असं करा म्हणून सांगितलं.

पण खरं सांगू का, आमच्या गावातपण ठराव झाला, फोटो झाला, पेपरात आलं. आणि चार महिन्यांनी माझा चुलतभाऊ गेला तवा दहाव्याला नदीवर कोणीतरी म्हातारी बांगड्यांकडं हात घालायला लागली आणि आम्ही सगळे ठराव केलेले बाप्ये पाण्याकडं बघत उभे. थांबवलं कुणी तर वहिनीच्या आईनं. तिला ठराव बिराव काही माहीत नव्हता, लेकीचा हात धरला आणि म्हणाली माझ्या पोरीला हात लावायचा न्हाई. विषय संपला. त्यामुळं धागालेखिकाबाई तुम्ही एकट्या नाही, आमचं तर लेखी होतं.

काडीपेटी

बायकाच बायकांच्या शत्रू. धागा बंद करा.

उपमा_नको

@काडीपेटी, आलात का काडी टाकायला. बरं मग पुरुषांचं बघू. आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकांची बायको गेली, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मजल्यांवरून डबे सुरू, 'बिचाऱ्यांना चहासुद्धा करता येत नाही', आणि वर्षाच्या आत स्थळं. दुसरं लग्न झालं तेव्हा पेढे आले आणि 'बरं केलंत, घराला बाई हवी' असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. दोनच जिने सोडून एक बाई आहे तिचा नवरा गेला, तिच्याकडे डबे तेरा दिवस गेले आणि चौदाव्या दिवसापासून तिची लाँड्री मोजणं सुरू झालं, वाळत काय घातलंय, कोणत्या रंगाचं घातलंय. विधुराला कोणी विधुर म्हणून हाक मारलेली ऐकली आहे का कधी? त्याच्या कपाळावरचं काय पुसतात?

(आणि हो, चौथा_मजला, तू हसलीस ते वाईट केलंस. मी पण हसले असते बहुतेक.)

बोरू

थोडं जुनं आठवलं म्हणून लिहितो, अवांतर वाटलं तर स्क्रोल करा.

बोलणं एक आणि घरात वेगळं याचं आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचं. विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते, 1873 मध्ये पहिली पत्नी वारली, आता हे विधवेशीच लग्न करणार म्हणून मित्रांच्या नजरा लागल्या होत्या आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी लग्न केलं ते 11 वर्षांच्या मुलीशी. स्वतः 31 चे. लोकांनी सोडलं नाही आणि का सोडावं. पण त्याच मुलीला त्यांनी शिकवलं, घरातल्या बायकांचा विरोध असताना शिकवलं, आणि ती म्हणजे रमाबाई रानडे. 1901 मध्ये रानडे गेले, त्या स्वतः विधवा झाल्या आणि 1909 मध्ये पुण्याच्या सेवासदनात बायकांसाठी नर्सिंग, शिवण, शिक्षण हे सगळं उभं केलं. आता रानड्यांना ढोंगी म्हणायचं का? मला विचाराल तर 1873 साली हो. पण तिथेच फाइल बंद करता येत नाही ना राव.

दुसरीकडे धोंडो केशव कर्वे. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरुडला गावाने वाळीत टाकलं. भाषणं ठोकून नव्हे, लग्न करून टाकलं कर्व्यांनी. आणि त्याच अण्णा कर्व्यांना पुढे 1958 मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं तेव्हा आपण सगळे 'आमचे अण्णा'.

पण मला या सगळ्यात जास्त आवडतात ते मुंबईचे न्हावी. 1890 च्या आसपास, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, त्यांनी जमून ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. वस्तरा आमच्या हातात आहे ना, मग आम्ही तो उचलणार नाही. त्यांना कोणी तत्त्वज्ञान विचारलं नव्हतं, आणि पोटावर पाय होता तो वेगळाच.

अर्धा_पुणेरी

@बोरू, माहिती चांगली आहे पण 1890 आणि 2020 च्या दशकात फरक आहे. आज कोणाचं केशवपन होतंय? एक हळदीकुंकवाचं आमंत्रण नाही मिळालं तर आभाळ कोसळतं का?

जर्सीची_जाई

इकडे न्यू जर्सीत तर आम्ही स्वतःला फार पुढारलेले समजतो. हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावतो, गुजराती शेजारीण, अमेरिकन टीचर, सगळ्यांना, टीचरला कुंकू लावून फोटो काढला की किती कौतुक वाटतं आम्हाला आमचंच. आणि मागच्या वर्षी एकीचा घटस्फोट झाला, तिला बोलावलं होतं बरं का, आम्ही पुढारलेले ना, पण ती आली तेव्हा हळदीकुंकवाचं ताट तिच्यापाशी आल्यावर लावणारीचा हात एक सेकंद अडला. एकच सेकंद. तिने तो बघितला. या वर्षी ती म्हणाली मुलाची स्विमिंग मीट आहे. जानेवारीत बर्फात कुठली स्विमिंग मीट विचारणार होते, मग गप्प बसले.

(इनडोअर असते म्हणा. पण तरी.)

मांडवीकर

गोंयांतल्यान नमस्कार, मराठीतच लिहितो. आमच्याकडे कायदा वेगळा आहे, पोर्तुगीज काळापासूनचा, लग्न झालं की वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, नवरा गेला तरी अर्धा वाटा बायकोचा स्वतःचा असतो, तो वारसा म्हणून मिळत नाही, तिचाच असतो. ऐकायला किती छान. आमच्या मावशीचं घर कागदावर अर्धं तिचं, आणि त्याच घरात तिच्या मुलीच्या लग्नात कन्यादानाला मामा-मामी बसले. ती स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या चहाचे कप मोजत होती. मी तेव्हा 25 चा, इंजिनियर, देवधर्म न मानणारा. कॅमेरा माझ्याच हातात होता आणि त्या अल्बममध्ये मावशीचा एकही फोटो नाही.

एकटीच_बरी

मी या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण आता वरचं आभाळ कोसळणारं वाचून लिहितेच.

माझे मिस्टर 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. बेड मिळेपर्यंत उशीर झाला होता. मी तेव्हा 36 ची. चौथा_मजला, तुझ्यावर राग नाही आला मला, कंटाळा आला. कारण तुझ्यासारख्या चांगल्या बायका मला खूप भेटल्यात. त्या येतात, हात धरतात, डोळ्यात पाणी आणतात, "काही लागलं तर सांग" म्हणतात. मला काय लागतं ते सांगते.

मला तहसील ऑफिसला कोणीतरी बरोबर लागतं. संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीचा अर्ज करायला गेले, तेव्हा महिना हजार होते, नंतर 1500 झाले, आणि उत्पन्नाची अट काय तर वर्षाला 21000. भागून बघा, महिन्याला 1750. मी शिवणकाम करून त्यापेक्षा जास्त कमावत होते म्हणून मी निराधार नव्हते. सरकारी हिशेबाने माझा आधार म्हणजे शिलाई मशीन. कोविडचे 50000 मिळाले, त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण दुरुस्त करायला चार चकरा. बँकेत नॉमिनी मी होते म्हणून निर्धास्त होते, तर दीर म्हणाले नॉमिनी म्हणजे मालक नाही. त्यात ते बरोबर होते हे मला नंतर कळलं, नॉमिनीने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात. पण वारस कोण तर मी, मुलं आणि सासूबाई. भाऊ त्या यादीत पहिल्या वर्गात येतच नाही, हे सांगायला वकील लागला आणि वकिलाकडे जायला रिक्षाला पैसे लागले.

या सगळ्यात मला हळदीकुंकू आठवलंसुद्धा नाही. पण एक सांगते अर्धा_पुणेरी, ते आमंत्रण फक्त कुंकवाचं नसतं. सोसायटीतली सगळी माहिती तिथेच मिळते, कोणाच्या ऑफिसात जागा निघालीय, कोणाची बाई सोडून गेलीय आणि कोणाला डबे हवेत, कोणाचा भाऊ रजिस्ट्रार ऑफिसला आहे. तुम्ही त्या खोलीतून मला काढलंत की मी फक्त वाणाला मुकत नाही.

आणि लिपस्टिक मी पण लावते. ऑर्डर घ्यायला जाताना रडका चेहरा घेऊन गेलं की लोक भाव पाडतात.

खारीबिस्कीट

+1000. याच्यापुढे काय लिहिणार.

अर्धा_पुणेरी

@एकटीच_बरी, हा अँगल माझ्या डोक्यात नव्हता. मान्य. आईला आज फोन केला, विचारलं. ती म्हणाली "आता कशाला विचारतोस, अकरा वर्षं झाली." मग पाच मिनिटं भाजीबद्दल बोलली.

काडीपेटी

माझा वरचा प्रतिसाद काढून टाकता आला असता तर टाकला असता. असो.

चौथा_मजला

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उशीर झाला लिहायला कारण काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आधीच खूप बोलून झालंय माझं.

परवा रात्री तिच्याकडे गेले. मनात दहा वाक्यं पाठ करून गेले होते, तिने दार उघडलं आणि म्हणाली "डबा आणलास होय, ठेव तिथे." तिळाच्या वड्यांचा डबा धुऊन नेला होता मी, रिकामा. म्हणजे आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत हेसुद्धा विसरले. मग मी सरळ सांगून टाकलं, मेसेज वेगवेगळे केले ते, हॉलमधलं बोलणं, माझं हसणं. सोडायला आलेल्या गाडीचं पण सांगितलं, ते सांगायला नको होतं का ते माहीत नाही पण अर्धंच सांगणं म्हणजे परत तेच झालं असतं.

ती रडली वगैरे नाही. भांडी लावत होती ती लावत राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं गं. तुझ्या मुलाने सांगितलं, आई म्हणाली काकूंना त्रास नको म्हणून बोलावलं नाही." मी हे मुलाला म्हणाले होते हे मला आठवतही नव्हतं.

मग मी एकटीच_बरीचं ऐकून विचारलं, काय लागतं तुला. काही नको असं म्हणेल वाटलं होतं. तर म्हणाली, "बुधवारी सुट्टी काढशील? साताऱ्याकडे जायचंय, तलाठ्याकडे."

प्रकरण असं की नवऱ्याच्या आणि दिराच्या सामाईक नावावर दीड एकर आहे. दोन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर हिची आणि मुलीची वारसनोंद झालेली नाही. अर्ज एकदा दिला तो सापडत नाही म्हणे. एकटी गेली की "घरातलं कोणी मोठं माणूस घेऊन या" असं सांगून परत पाठवतात.

गेलो बुधवारी. तिच्या त्याच नव्या स्कूटरवरून स्वारगेटला, पुढे एसटी. तिच्याकडे फाइल तयार होती, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा, आठ-अ, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून. माझ्या ऑफिसच्या स्लाइड्सपेक्षा नीटनेटकी फाइल. मला वाटत होतं मी मदतीला चाललेय, प्रत्यक्षात मला तिथलं काहीही कळत नव्हतं, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद हेसुद्धा मी एसटीत तिच्याकडून शिकले. तिथल्या माणसाने विचारलंच, बरोबर कोणी पुरुष नाही का. ती गप्प. मी म्हणाले मी आहे ना. तो म्हणाला तुम्ही कोण. आणि मला उत्तर देता येईना हो. बहीण म्हणाले असते तर खोटं, मैत्रीण म्हणायला तोंड नव्हतं. म्हणाले, "समोर राहते."

अडीच तास बसलो. अर्ज घेतला, पोच घेतली, पोचेवर शिक्का आणि तारीख आहे का हे तिने दोनदा बघितलं.

मुलगी तेवढा वेळ आमच्याकडे होती. सासूबाईंना मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, फक्त कुठे चाललोय ते सांगितलं. घरी आले तर पोरीच्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या. आणि सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या आईचं नाव लागायला सहा वर्षं लागली होती, बघत बसली म्हातारी." हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या हळदीकुंकवाचं काय हे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. बोलावलं तर ती येईल का हाही प्रश्नच आहे, कारण येताना एसटीत ती म्हणाली होती, "मला त्या काकूंच्यात नाही बसायचं, तू काय वाईट वाटून घेऊ नकोस."

दोन दिवसांनी खाली लिफ्टपाशी त्याच काकू भेटल्या. "काय गं, कुठे फिरायला गेला होतात दोघी?" मी सांगितलं तलाठी ऑफिसला. "तिच्या जमिनीचं? बघ हां, तुझं नाव खराब करून घेशील." यावेळी हसले नाही. पण फाडकन काही बोलले असंही नाही, लिफ्ट आली आणि मी आत गेले.

उपमा_नको

नको गं बोलूस काकूंना, पोच मिळाली ना. फेरफाराची नोटीस निघाली का?

चौथा_मजला

काल निघाली. हरकतीसाठी 15 दिवस आहेत. दीर हरकत घेणार हे नक्की, तसा फोन येऊन गेलाय तिला.

पंचगंगेकाठचा

हरकत घेऊ दे की. नोंदवहीत हरकत लेखीच द्यावी लागती, नुसता फोनवर आवाज चढवून भागत नाही. त्याची कॉपी मागा.

एकटीच_बरी

हरकत आली की मामला महसूल अधिकाऱ्यांपुढे जातो, सुनावणीची तारीख लागते. तिला सांग, सगळ्या कागदांचे दोन सेट झेरॉक्स आणि ओरिजिनल वेगळ्या पिशवीत, ओरिजिनल कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, फक्त दाखवायचे. सासूबाई हयात असतील तर त्यांचं नाव वारसांत घातलंय ना ते बघ, ते राहिलं तर तेच कारण काढून अडवतील. आणि जेवणाचा डबा ने, तिथे जवळपास काही मिळत नाही. तारीख कळली की इथे टाक, मी साताऱ्याचीच आहे.